सुम्बा बेटावर समुद्राला लागून २० आर जागा: घ्यावी का, राहता येईल का?

त्रिमूर्तीनगरवाला (प्रश्न)

मंडळी, इंडोनेशियाच्या सुम्बा बेटावर, पश्चिमेच्या कोडी भागात, समुद्राला अगदी लागून २० आर जागा एका एजंटने दाखवली आहे. तो म्हणतो, परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही, म्हणून खरेदी तिथल्या एका माणसाच्या नावावर करायची. तो माणूस आपल्याला कर्जाचा करारनामा आणि रद्द न होणारं मुखत्यारपत्र लिहून देणार. भाव आपल्या नागपूरच्या आउटर रिंगरोडच्या प्लॉटपेक्षा कमी आहे. दोन खोल्या बांधायच्या, वर्षातून दोन-तीन महिने राहायचं, बाकी वेळ भाड्याने द्यायचं, असा विचार आहे. घरचे सगळे शाकाहारी, आई सत्तरीची, बीपीच्या गोळ्या चालू. कागद, पाणी, ये-जा, दवाखाना, सगळंच विचारतो आहे.

गुंठेवारीग्रस्त

भाऊ, मुखत्यारपत्र आधी डोक्यातून काढा. तिकडच्या १९६० च्या जमीन कायद्यात पूर्ण मालकी, म्हणजे हाक मिलिक, फक्त त्यांच्या नागरिकाला मिळते. त्याच कायद्याचं कलम २६ सांगतं की आडवाटेने परदेश्याकडे मालकी जाणारा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेला पैसा परत मागता येत नाही. नाव देणारा उद्या फिरला तर कोर्टात दाखवणार काय? तुमचा करारनामाच तुमच्याविरुद्धचा पुरावा. तो वारला तर गाठ त्याच्या वारसांशी, आणि त्यांनी तुमच्यासाठी काहूनच सही करावी?

कायद्यात बसणाऱ्या वाटा तीन. हाक पाकाई म्हणजे वापराचा हक्क: ३० वर्षं, मग २० ची मुदतवाढ, मग ३० चं नूतनीकरण. पण तो राहत्या घरासाठी, राहण्याचा परवाना असलेल्याला, आणि प्रांतानुसार ठरलेल्या किमान किमतीच्या वरच्या घरालाच. मोकळ्या शेतजमिनीला नाही. दुसरी वाट परदेशी गुंतवणुकीच्या कंपनीची, तिच्या नावे बांधकामाचा हक्क मिळतो. तिथे १० अब्ज रुपियांच्या वर गुंतवणूक दाखवावी लागते, म्हणजे आपले पाच कोटींच्या वर. दोन खोल्यांसाठी हा खटाटोप कोण करणार! उरला भाडेपट्टा. तुमच्या कामाचा तोच.

भाडेपट्टा नोटारिस, म्हणजे तिकडच्या नोटरीसमोर करा, पण त्याआधी जमिनीचं मूळ सर्टिफिकात जिल्ह्याच्या भूमी कार्यालयातून तपासून घ्या. गहाण आहे का, वाद आहे का, ते तिथेच कळतं. सर्टिफिकात नसून नुसती गावप्रमुखाची चिठ्ठी किंवा जुनी कराची पावती असेल तर थांबा. आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर, नसलेल्या प्लॉटचं काय होतं हे नागपूरकराला सांगायची गरज नाही. सुम्बात आणखी एक भानगड आहे. बरीच जमीन घराण्याची, म्हणजे कबिसूची असते, एकट्याची नसते. मालकाची बायको, सगळे वारस आणि कबिसूचे जाणते यांच्या सह्या एकाच वेळी घ्या. जागेत दगडी थडगं दिसलं तर विषयच संपला; ते हलत नाही.

आणि टेप घेऊन जा. किनाऱ्यालगत भरतीच्या सर्वात वरच्या रेषेपासून जमिनीकडे किमान १०० मीटरचा पट्टा राखीव असतो. तुमचे २० आर म्हणजे २,००० चौरस मीटर. जागा २० मीटर रुंद आणि १०० मीटर लांब असेल आणि समुद्रापासूनच सुरू होत असेल, तर बांधायला एक फूटही उरत नाही. भाव कमी काहून आहे ते इथेच समजतं. मोठ्या रस्त्यापासून जागेपर्यंतची वाट कोणाच्या मालकीची, हेही करारात लिहून घ्या.

रामदासपेठ_हिशेब

पैशाची बाजू सांगतो. निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. १० लाखांच्या वर जी रक्कम जाईल तिच्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. ती विवरणपत्रात वळती होते, पण तोवर पैसा अडकतो. बँकेच्या अर्जात कारण लिहावं लागतं. जागा दुसऱ्याच्या नावावर आणि कारण 'मालमत्ता खरेदी', हे लिहिणार कसं? भारतातही तुम्ही अडचणीत येता.

पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला आपल्याकडचे परदेशी स्थावर मालमत्तेचे निर्बंध लागत नाहीत, त्याच्या पुढच्याला लागतात. म्हणून पहिला पट्टा पाच वर्षांचाच करा. तिकडे मुदतीचं सगळं भाडं एकदम आगाऊ मागायची पद्धत आहे, त्या दृष्टीनेही हेच बरं. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो, तेव्हा साधा पहिल्या क्रमांकाचा फॉर्म चालणार नाही.

खारा_वारा

पाण्याचं कोणी बोललं नाही. सुम्बा बराचसा चुनखडीचा आहे. पाऊस मुख्यतः डिसेंबर ते मार्च, बाकी वर्ष कोरडं. जमिनीत मुरलेलं पाणी खडकातून निघून जातं, आणि किनाऱ्याजवळ बोअर जास्त उपसली की समुद्र आत सरकतो. फेब्रुवारीत गोड लागलेली विहीर ऑक्टोबरात मचूळ होते. जागा पाहायला ऑक्टोबरातच जा, पंप दोन तास चालवा, आणि सुरुवातीचं व शेवटचं पाणी चाखून पाहा.

हिशेब करा: चार माणसं, माणशी १०० लिटर, म्हणजे रोज ४००. सात कोरडे महिने धरले तर सुमारे ८४,००० लिटर. ५,००० लिटरचे १७ टँकर झाले. १०० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर गळती वजा जाता ८,००० लिटर साठतात. टाकी घराआधी बांधा.

बांधकामाला समुद्राची रेती न धुता वापरतात. त्यातल्या मिठाने काही वर्षांत सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे सुटतात. नदीची रेती आणायची अट लिहून घ्या. स्क्रू, बिजागऱ्या ३१६ दर्जाच्या स्टेनलेसच्या घ्या, बाकी दोन पावसाळ्यांत सडतात. भूकंपही लक्षात असू द्या. १९ ऑगस्ट १९७७ ला सुम्बाच्या दक्षिणेला ८ च्या वरचा भूकंप होऊन त्सुनामी आली होती. जागेपासून चढावर जाणारी वाट पायी किती मिनिटांची, ते मोजा.

त्रिमूर्तीनगरवाला

१०० मीटरचं माहीतच नव्हतं, जागा समुद्राकडून ८० मीटरच खोल आहे. म्हणजे ती गेलीच. पण नुसतं राहून पाहायला जायचं तर?

सोनेगाव_प्रवासी

तेच करा. नागपूरहून बंगळूर, तिथून बालीचं देनपासार, मग छोट्या विमानाने तांबोलाका. कोडीला तेच विमानतळ जवळ. छोट्या विमानात सामानाची मर्यादा कमी आणि पावसात रद्द होण्याचं प्रमाण जास्त, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत परतीच्या आधी देनपासारला एक मोकळा दिवस ठेवा. विमानतळावरचा व्हिसा ५,००,००० रुपियांचा, ३० दिवसांचा आणि एकदा ३० दिवसांनी वाढवता येणारा. म्हणजे सलग तीन महिने त्यावर निघत नाहीत, आणि त्या व्हिसावर घर भाड्याने चालवणं हा व्यवसाय धरला जातो. भाड्याचं गणित तिथेच मोडतं.

पासोला, म्हणजे घोड्यावरून भाले फेकण्याचा उत्सव, फेब्रुवारी-मार्चमध्ये होतो. तारीख पुजारी ठरवतात, तीही समुद्रात न्याले नावाचे किडे वर येण्याच्या वेळेवरून, त्यामुळे फार आधी पक्की कळत नाही आणि खोल्या मात्र भरलेल्या असतात. आईंना मे ते सप्टेंबरात न्या.

हिवताप तिथे खरा आहे, फाल्सिपॅरम हा त्याचा जिवावर बेतणारा प्रकारसुद्धा. मच्छरदाणी आणि प्रतिबंधक गोळी डॉक्टरांना विचारून, बीपीच्या गोळ्यांशी जुळते का तेही विचारून. परत आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर सुम्बाला गेलो होतो हे डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा. गंभीर आजारात तिथून देनपासारलाच न्यावं लागतं, म्हणून रुग्ण हलवण्याचा खर्च देणारा विमा असल्याशिवाय आईंना नेऊ नका.

जेवणाचं फार अवघड नाही: भात, टोफू, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), भाज्या मिळतात. पण सांबल या तिखट चटणीत तेरासी, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा असतो, 'तानपा तेरासी' (तेरासीशिवाय) म्हणून सांगा. तूरडाळ इथून न्या. कोणाच्या घरी गेलात की आधी पानसुपारी पुढे येते; घेतली नाही तर वाईट वाटतं. खर्रावाल्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं, थुंकायचं कुठे ते आधी बघावं.