मदत हवी आहे: फंक्शन कॉलच्या आधी स्टॅकचा पत्ता १६ च्या पटीवर आणायचा नेमका कुठे? (घरगुती कंपायलर)

नमस्कार मंडळी,

नोकरी ऐरोलीत, बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर. तिचा या प्रश्नाशी काडीचा संबंध नाही. रात्री घरी, ठाण्यात, एक छोटा कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या सूचनांत बदलणारा) लिहितोय. भाषा माझीच, कीवर्ड मराठी: जर, नाहीतर, जोवर, परत. पार्सर आणि टाइप तपासणी झाली आहे. कोड जनरेटर थेट एक्स८६-६४ ची असेंब्ली काढतो आणि लिनक्सवर जीसीसीने लिंक करतो. छापायला सी लायब्ररीचं प्रिंटएफच वापरतोय, त्यामुळे सिस्टिम व्ही एबीआयचे (फंक्शननी एकमेकांना किमती कशा द्यायच्या-घ्यायच्या याचे) नियम पाळण्यावाचून गत्यंतर नाही.

मी धरलेले नियम असे. पहिले सहा पूर्णांक किंवा पॉइंटर आर्ग्युमेंट आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९ या रजिस्टरांत (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागांत), याच क्रमाने. दशांश एक्सएमएम० ते एक्सएमएम७ मध्ये. उत्तर आरएएक्समध्ये, दशांश असेल तर एक्सएमएम० मध्ये. कॉलच्या क्षणी आरएसपीला (स्टॅकचं, म्हणजे तात्पुरत्या किमतींच्या चळतीचं, टोक दाखवणाऱ्या रजिस्टरला) १६ ने नि:शेष भाग जायला हवा. प्रिंटएफला एएलमध्ये (आरएएक्सच्या सगळ्यात खालच्या बाइटमध्ये) किती एक्सएमएम वापरले तो आकडा द्यायचा. यात काही चुकत असेल तर आधी तेच सांगा.

आता अडचण. 'मोज' नावाचं फंक्शन आहे, ते एक दशांश छापतं आणि पूर्णांक परत देतं.

परत मोज(क)

हे व्यवस्थित चालतं. पण

परत ३ + मोज(क)

असं लिहिलं की सेगफॉल्ट, प्रोग्रॅम मध्येच मरतो. मोजमध्ये दशांशाऐवजी पूर्णांक छापला तर दोन्ही चालतात!

जीडीबीत (डीबगरमध्ये) पाहिलं तर प्रिंटएफच्या आत मूव्हएपीएस या सूचनेवर थांबतो. एएल शून्य नसेल तर प्रिंटएफ एक्सएमएम रजिस्टर स्टॅकवर काढून ठेवतं आणि मूव्हएपीएसला १६ वर बसलेलाच पत्ता लागतो. एएल शून्य असलं की तो भाग गाळला जातो, म्हणून पूर्णांक निमूटपणे छापले जातात. मोजच्या कॉलवर ब्रेकपॉइंट लावून आरएसपी पाहिला, तर हेक्समध्ये शेवटचा अंक ८. '३ +' काढला की ०. म्हणजे ते ३ मी पुश करून (स्टॅकवर टाकून) ठेवतो, त्या ८ बाइटनी सगळं सरकतं. मोजची स्वतःची फ्रेम (स्टॅकवरची त्याची जागा) बरोबर आहे, लोकल व्हेरिएबलची जागा १६ च्या पटीतच घेतो. गुन्हा बाहेरच्याचा, शिक्षा आतल्याला.

तर कारण समजलंय, इलाज कुठे करायचा ते ठरत नाही. प्रत्येक कॉलआधी आरएसपी जबरदस्तीने १६ वर खाली आणून नंतर जुना परत भरणं मला कुरूप वाटतं.

दुसरी गोष्ट. छोट्या फंक्शनमध्ये पॅरामीटर आले त्याच रजिस्टरमध्ये राहू देतो, स्टॅकवर उतरवत नाही. आता फंक्शन (अ, ब) घेतं आणि आतून वजा(ब, अ) बोलावतं. माझा जनरेटर काढतो (डावीकडे गंतव्य, उजवीकडे स्रोत):

मूव्ह आरडीआय, आरएसआय
मूव्ह आरएसआय, आरडीआय

आणि वजाला ब, ब मिळतो. इथे दोनच आहेत म्हणून अदलाबदल करता येईल, पण सहा आर्ग्युमेंट एकमेकांत गुंतले तर?

शिवाय विंडोजवरही चालवायचं आहे, पण ते आत्ताच डोक्यात घ्यावं का?

ठाणे–ऐरोली पट्ट्यात कुणी यातलं असेल तर शनिवारी संध्याकाळी तलावपाळीला भेटायलाही तयार आहे. चहा माझ्याकडून.

घणसोलीकर:

नियम बरोबर मांडलेत. राहिलं ते आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५: हे वापरलेत तर परतताना जसेच्या तसे द्यायचे.

इलाज कोड जनरेटरमध्येच करा, चालत्या प्रोग्रॅममध्ये नको. एक 'खोली' नावाचा आकडा ठेवा. पुश काढलात की एक वाढवा, पॉप काढलात की एक कमी. दशांशासाठी आरएसपीतून हाताने ८ वजा करता, तेही यात मोजा. कॉल काढताना खोली विषम असेल तर आधी ८ वजा, कॉलनंतर ८ अधिक. ही सगळी मोजणी कंपाइल होतानाच उरकते.

एक खाचखळगा आहे. आर्ग्युमेंट सहापेक्षा जास्त असतील तर उरलेले स्टॅकवर जातात आणि कॉल झाल्यावर सातवा बरोबर आरएसपी+८ ला सापडला पाहिजे. म्हणून भरतीचे ८ बाइट आर्ग्युमेंट पुश करण्याच्या आधी टाकायचे, नंतर नाही. खोली अधिक स्टॅकवर जाणारे आर्ग्युमेंट, या बेरजेची समविषमता बघा. हे उलटं केलंत तर सेगफॉल्टही येणार नाही, सातव्या आर्ग्युमेंटच्या जागी कचरा येईल आणि शोधत बसाल.

डीबग बिल्डमध्ये प्रत्येक कॉलआधी 'टेस्ट एसपीएल, १५' (आरएसपीला १६ ने भाग जातो का, ही तपासणी) काढा आणि शून्य नसेल तर यूडी२ (प्रोग्रॅम तिथेच पाडणारी सूचना) वर उडी. मग प्रोग्रॅम गुन्हेगाराच्याच दारात मरतो.

पुढेमागे पुश-पॉप सोडून प्रत्येक तात्पुरत्या किमतीला फ्रेममध्येच ठरलेली जागा द्या. फंक्शनचा कोड आधी बफरमध्ये काढायचा, सगळ्यात जास्त जागा किती लागली ते कळलं की प्रोलॉग (फंक्शनच्या सुरुवातीचा, जागा घेणारा कोड) लिहायचा. आरएसपी मग मध्ये हलतच नाही आणि हा प्रश्नच मिटतो.

तिसरी_पाळी:

दुसऱ्या प्रश्नाला पॅरलल मूव्ह म्हणतात. सगळ्या मूव्हची यादी करा. ज्याचं गंतव्य रजिस्टर उरलेल्या कुठल्याच मूव्हचा स्रोत नाही, तो आधी काढा आणि यादीतून खोडा. असं करत गेलात की शेवटी फक्त चक्रं उरतात. तिथे एक किंमत आर११ मध्ये बाजूला ठेवली की चक्र तुटतं. आर११ आर्ग्युमेंटसाठी वापरला जात नाही आणि कॉलनंतर तो टिकेल असं कुणी धरतही नाही. तुमच्या दोनच्या केसला एक्ससीएचजी (दोन रजिस्टरांची अदलाबदल करणारी सूचना) पुरेल. सहा असोत की साठ, रीत तीच.

पण त्याआधी एक बघा. आर्ग्युमेंट मोजत मोजत थेट आरडीएक्स, आरसीएक्समध्ये टाकत असाल तर थांबा. चौथ्या आर्ग्युमेंटमध्ये भागाकार आला की आयडिव्ह आरडीएक्स पुसतो, म्हणजे तिसरा गेला. पाचव्यात बदलत्या आकड्याने शिफ्ट केलं की सीएल (आरसीएक्सचा खालचा बाइट) लागतो, म्हणजे चौथा गेला. सगळे आधी मोजून तात्पुरत्या जागी ठेवा आणि मग एकदम बसवा. आर्ग्युमेंटच्या आत दुसरा कॉल असेल तेव्हाही हीच शिस्त कामाला येते.

घणसोलीकर:

विंडोजचं राहिलं. आत्ता लिहू नका, पण रजिस्टरची नावं कोडभर पसरवूही नका, एका तक्त्यात ठेवा. तिथे चारच: आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९. शिवाय जागा क्रमाने धरली जाते, म्हणजे दुसरा आर्ग्युमेंट दशांश असेल तर तो एक्सएमएम१ मध्येच जातो आणि आरडीएक्स रिकामा राहतो. प्रिंटएफसारख्या फंक्शनला मात्र तोच दशांश आरडीएक्समध्येही द्यावा लागतो, एएलची भानगड नाही. आरडीआय, आरएसआय तिथे जपून परत द्यायचे असतात. आणि कॉल करणाऱ्याने ३२ बाइट शॅडो स्पेस सोडायची, एसटीत रुमाल टाकून दुसऱ्यासाठी जागा धरतात तशी. आर्ग्युमेंट एकही नसला तरी.

शनिवारी येतो. लॅपटॉप आणा, जनरेटरचा कॉलवाला भाग बघू.

धागाकर्ता:

दोघांचेही आभार. खोली मोजणारा आकडा टाकला, '३ + मोज(क)' आता चालतंय. यूडी२ ची युक्तीही घातली, तर लगेच आणखी एक जागा सापडली: जोवरच्या आतून 'परत' केलं की खोली परत शून्यावर यायची, पण त्यापुढच्या कोडसाठी ती आधीचीच हवी होती. फ्रेममध्ये ठरलेली जागा देण्याचं काम पुढच्या आठवड्यात घेतो. स्ट्रक्ट (अनेक किमतींचा एकत्र गठ्ठा) परत देण्याचं विचारायचं आहे. १६ बाइटपेक्षा मोठं असेल तर लपलेला पॉइंटर आरडीआयमध्ये जातो आणि बाकीचे आर्ग्युमेंट एकेक घर सरकतात, एवढं वाचलंय. लहान स्ट्रक्टमध्ये एक पूर्णांक आणि एक दशांश असेल तर वाटणी कशी, ते शनिवारी विचारतो.