दूध बंद केलं आणि खोकला गेला; माझ्या वहीत चूक कुठे आहे?

रानजाई: मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. डिसेंबरपासून सर्दी सुटत नव्हती. सासूबाई पहिल्या दिवसापासून सांगत होत्या, दुधाने कफ होतो, दही-केळंही नको. मी वही घातली: रोज दूध किती कप, खोकल्याला ० ते ५ गुण. ११ जानेवारीच्या रात्री खोकला पाचवर गेला, तो झोपलाच नाही. १२ पासून दूध, दही, केळं सगळं बंद. १८ ला खोकला एकवर. आता घरात ठरलंय, दूध कायमचं बंद. आम्ही अंडी-मासे खात नाही, त्यामुळे मला याची फार काळजी वाटते. पण माझीच वही माझ्याविरुद्ध उभी आहे.

गोदाकाठ: १२ तारीखच का निवडलीत? खोकला सगळ्यात वाईट झाला म्हणून. साधी सर्दी सात ते दहा दिवसांत आपोआप उतरते. ती शिगेला असताना काहीही बंद करा, पुढच्या आठवड्यात गुण खालीच येणार. आणि तीन गोष्टी एकदम थांबवल्यात, मग श्रेय दुधालाच कसं? डिसेंबरपासूनची ती एकच सर्दी असेल असंही नाही. शाळेतून एकामागून एक येतात. गुण कोण देत होतं?

रानजाई: मीच, सकाळी सासूबाईंना विचारून. तो त्यांच्याजवळ झोपतो.

गोदाकाठ: तिथेच खरी मेख आहे. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला ६० निरोगी प्रौढांना मुद्दाम सर्दीच्या विषाणूची लागण केली. दहा दिवस दुधाची नोंद ठेवली आणि नाकातून आलेला स्राव चक्क वजन करून मोजला. १९९० साली ते प्रसिद्ध झालं. कोणी दूध अजिबात घेत नव्हतं, कोणी दिवसाला ११ ग्लासांपर्यंत. स्रावाच्या वजनाशी दुधाचा संबंध दिसला नाही. पण सर्दीत दूध टाळावं असं मानणाऱ्यांनी खोकला आणि नाक चोंदणं जास्त नोंदवलं. स्राव मात्र त्यांचाही जास्त नव्हता. सासूबाई खोटं सांगत नाहीत हो, दूध प्यायलेल्या रात्री त्यांना प्रत्येक खोकला ऐकू येतो.

सिन्नरकर: सहमत, पण त्या अभ्यासालाही तोच चष्मा लावा. दूध किती प्यायचं ते ज्याचं त्याने ठरवलं होतं, चिठ्ठ्या टाकून नाही. शिवाय सगळे प्रौढ. त्यावरून सहा वर्षांच्या मुलाबद्दल छातीठोक बोलता येणार नाही. समजुतीचा मुद्दा मात्र पटतो. अमेरिकेत सर्दीवर क जीवनसत्त्वाची चाचणी झाली होती, १९७५ ला छापून आली. खऱ्या कॅप्सूलमध्ये आंबट पूड, खोट्या कॅप्सूलमध्ये दुधातली साखर. काहींनी चाखून ओळखलं, आणि फायदा दिसला तो ओळखणाऱ्यांतच. बाकी, खोकला इतका लांबला होता तर मुलाला एकदा डॉक्टरांना दाखवाच.

रानजाई: डॉक्टरांनी तपासलंय, छाती साफ आहे. काल वही पुन्हा काढली. २० ते २६ डिसेंबर रोज दोन कप दूध होतं, आणि खोकला चारवरून शून्यावर आला होता. हे पान मी कुणाला दाखवलंच नव्हतं, माझंही लक्ष गेलं नव्हतं. आज संध्याकाळी सासूबाईंसोबत बसून ते वाचलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "उद्या सकाळी कोमट करून दे."