डाव्याच हाताची तीन बोटं का?

बोटांना चिरा पडतात म्हटलं की साबण बदला आणि रबरी हातमोजे घाला, असा सल्ला मिळतो; तो चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. मी तो दीड वर्ष पाळला. भांड्यांना बाई लावली, तरी डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांची टोकं सोलपटून चिरा पडायच्या. मीठ लागलं की डोळ्यांत पाणी! त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी मलम लिहिण्याआधी विचारलं, "डाव्याच हाताची का?" मग हातात पेन देऊन म्हणाल्या, "हा लसूण समजा, सोलून दाखवा." पाकळी डाव्या चिमटीत, सुरी उजव्या हातात. उजखोऱ्या माणसांत लसणाची अॅलर्जी बहुधा अशीच दिसते म्हणे. खात्रीसाठी पॅच टेस्ट केली, म्हणजे संशयित पदार्थ पट्ट्यांवर लावून त्वचेला चिकटवतात. पाठीवर पट्ट्या ४८ तास, पाठ भिजवायची नाही (मे महिन्यात ही शिक्षाच). लसणातलं डायअलिल डायसल्फाइड हे रसायन लावलेली जागा लालभडक निघाली.

हातमोज्यांबद्दल एक सांगते. रबर तयार करताना वापरतात त्या थायुरामसारख्या रसायनांचीही काहींना अॅलर्जी असते, मग मोज्यांनीच त्रास वाढतो. त्यांना विनाइलचे बरे, आत सुती हातमोजे घालून. आमच्याकडे लसूण आता नवरा सोलतो, निम्मी सालं ओट्यावर ठेवून. आणि हो, कातडी वरून बरी दिसली तरी पुरती सावरायला महिने लागतात. मी तीन आठवड्यांत व्हॅसलीन बंद केलं आणि दिवाळीच्या फराळात पुन्हा चिरा पडल्या.