मदत हवी आहे : बेदाणा आणि हळदीच्या माहितीपत्रकातील अनेकार्थी इंग्रजी शब्दांचे स्पॅनिश भाषांतर

नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात राहते आणि आमच्या भागातील द्राक्ष व हळद उत्पादकांच्या एका छोट्या गटाचे लेखी कामकाज पाहते. गटाच्या बेदाण्याचे आणि हळदीचे नमुने स्पेनमधील एका खरेदीदाराकडे पाठवायचे असून त्यांच्यासोबत स्पॅनिश माहितीपत्रक द्यावे, असे ठरले आहे. मूळ मजकूर इंग्रजीत तयार आहे. स्पॅनिशचा माझा प्राथमिक अभ्यास झालेला असल्यामुळे वाक्यरचना समजते. अडते ते अगदी साध्या, रोजच्या इंग्रजी शब्दांपाशी. अवघड शब्दाला शब्दकोशात बहुधा एकच प्रतिशब्द असतो, साध्या शब्दापुढे मात्र पाच-सहा दिलेले असतात आणि त्यांतला आपल्या कामाचा कोणता, हे ठरवण्याची जबाबदारी वाचणाऱ्यावर येते.

उदाहरणार्थ, 'हॉट' हा शब्द आमच्या मजकुरात दोनदा आला आहे. एकदा हळद 'हॉट' दुधात घालावी असे म्हटले आहे, तर दुसऱ्यांदा हळदीची चव मिरचीसारखी 'हॉट' नसते असे सांगितले आहे. मराठीत पहिल्या ठिकाणी गरम आणि दुसऱ्या ठिकाणी तिखट असे आपण सहज म्हणतो. स्पॅनिशमध्येही नेमके असेच दोन शब्द आहेत, पहिल्यासाठी 'कालिएन्ते' आणि दुसऱ्यासाठी 'पिकान्ते'. मराठीत आणि स्पॅनिशमध्ये असलेला हा भेद मधल्या इंग्रजी शब्दात नाहीसा होतो. म्हणून मी प्रत्येक इंग्रजी वाक्य आधी मराठीत, बेदाणा शेडवर आम्ही एकमेकांशी बोलतो त्या शब्दांत लिहून घेते आणि मगच स्पॅनिश शब्द शोधते. ही पद्धत कितपत भरवशाची आहे, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

काही ठिकाणी तिचा चांगलाच उपयोग झाला. आमचा बेदाणा शेडनेटखाली, रॅकवर वाळवतात. तेथील 'शेड' म्हणजे सावली, म्हणून 'सोम्ब्रा' योग्य ठरतो. पुढच्याच परिच्छेदातील बेदाण्याच्या रंगाची 'शेड' म्हणजे छटा, आणि तिच्यासाठी 'तोनो' हा वेगळा शब्द आहे. 'सीझन'चेही तसेच आहे. ऋतू असेल तर 'एस्तासिओन', मालाचा हंगाम असेल तर 'तेम्पोरादा', आणि पदार्थाला मीठमसाला लावायचा असेल तर त्याचे क्रियापदच निराळे आहे.

सर्वाधिक विचार मला 'स्टोन' या शब्दाचा करावा लागला. प्रतवारी करताना आमच्याकडील बायका बेदाण्यातील काड्या आणि खडे हाताने निवडून काढतात. हे काम अतिशय कष्टाचे आहे आणि मालाला मिळणाऱ्या दरात त्याचा मोठा वाटा असतो, त्यामुळे ते माहितीपत्रकात नीट यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. इंग्रजीत खड्यालाही 'स्टोन' म्हणतात आणि फळातल्या कोयीलाही 'स्टोन' म्हणतात. स्पॅनिशमध्ये खडा म्हणजे 'पिएद्रा', तर कोय म्हणजे 'उएसो', ज्याचा दुसरा अर्थ हाड असा आहे. ऑलिव्हच्या बरणीवर 'सिन उएसो' लिहिलेले असते, ते बी काढलेल्या फळासाठी. आमच्या वाक्यात 'उएसो' गेला, तर हाताने निवडलेल्या स्वच्छ मालाऐवजी बिया काढून टाकलेला माल असा अर्थ वाचणाऱ्याला लागेल आणि निवडणाऱ्या बायकांच्या मेहनतीचा उल्लेख त्यातून पुसला जाईल. मी 'सिन पिएद्रास' असे योजले आहे.

बियांचा मुद्दा याला लागूनच आहे. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षवाणापासून केलेल्या बेदाण्यात बी नसते. पेरण्याचे बियाणे आणि फळातली बी यांत आपण फरक करतो. स्पेनमध्येही पेरणीसाठी 'सेमिया' आणि द्राक्षातल्या बीसाठी 'पेपिता' असा भेद असल्याचे माझ्या वाचनात आले. तेव्हा 'सिन पेपितास' लिहावे की 'सिन सेमियास'? हेच पत्रक पुढे मेक्सिकोतील खरेदीदारांनाही दाखवण्याचा गटाचा विचार आहे.

आता ही पद्धत जेथे अपुरी पडते, त्या जागा सांगते. माल 'कूल अँड ड्राय' जागी ठेवावा, असे मूळ वाक्य आहे. मराठीत मी 'थंड व कोरड्या जागी' असे लिहिले. परंतु थंड या शब्दावरून शोधत गेले की 'फ्रीओ' हा शब्द मिळतो आणि तो शीतगृहासारख्या गारव्याकडे झुकतो, असे वाटते. दुसरीकडे 'फ्रेस्को' हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ ताजा असाही होतो, आणि वाळवलेल्या मालाच्या संदर्भात ताजा म्हणणे गोंधळाचे ठरेल, अशी मला शंका आहे.

याशिवाय 'लाइट' रंगाचा बेदाणा, पत्रकातील एका पाककृतीत आलेले 'डेट्स' आणि पाकिटावर छापायची 'डेट', आणि 'मे कंटेन नट्स' ही सूचना यांबाबत मार्गदर्शन हवे आहे. हळदीच्या बाबतीत हळकुंडाला इंग्रजीत 'फिंगर' आणि गड्ड्याला 'बल्ब' म्हणतात. शब्दशः भाषांतर केले तर एकीकडे हाताचे बोट आणि दुसरीकडे विजेचा दिवा होण्याची भीती वाटते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, त्यामुळे निदान तिचे वर्णन तरी चोख असावे असे वाटते. ज्यांनी स्पॅनिशमध्ये प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

ताई, नमस्कार. मी साताऱ्यात स्पॅनिश शिकवतो. आधी मराठीत अर्थ पक्का करण्याची तुमची पद्धत योग्य आहे. विद्यार्थ्यांनाही मी तेच सांगतो. फक्त तिला एक पायरी जोडावी. मिळालेला स्पॅनिश शब्द रॉयल स्पॅनिश अकादमीच्या स्पॅनिश-स्पॅनिश शब्दकोशात उलट तपासावा. हा शब्दकोश इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे आणि त्यात शब्दाचे सगळे अर्थ क्रमाने दिलेले असतात, त्यामुळे आपल्याला नको असलेला अर्थ सोबत येत आहे का, ते लगेच दिसते.

'फ्रेस्को'बद्दल शंका ठेवू नये. 'कोन्सेर्वार एन लुगार फ्रेस्को ई सेको' हे स्पॅनिश पाकिटांवरचे रुळलेले वाक्य आहे. येथे 'फ्रेस्को' हे विशेषण जागेला लागते, त्यामुळे कोणीही त्याचा अर्थ ताजा असा घेणार नाही. याच वाक्यात 'स्टोअर'साठी 'कोन्सेर्वार' आले आहे, हेही पाहावे. 'आल्मासेनार' म्हटले तर गोदामात साठवण्याचा भाव येतो आणि घरगुती ग्राहकाला तो परका वाटतो.

'लाइट' हा शब्द कोणत्याही परिस्थितीत इंग्रजीत तसाच ठेवू नये, कारण स्पेनमध्ये खाद्यपदार्थांवर 'लाइट' लिहिले की कमी उष्मांकाचा पदार्थ असा अर्थ घेतला जातो. 'दे कोलोर क्लारो' म्हणजे फिकट रंगाचा, हे पुरेसे आहे. वजनाने हलक्यासाठी 'लिखेरो' आणि उजेडासाठी 'लूस' आहे. त्यांची येथे गरज नाही. पाककृतीतला खजूर 'दातिल' आणि तारीख 'फेचा'. पाकिटावरच्या तारखेत मात्र आणखी एक भेद आहे. 'बेस्ट बिफोर'साठी 'कोन्सुमीर प्रेफेरेन्तेमेन्ते आन्तेस देल' ही ठरलेली शब्दरचना आहे, तर 'फेचा दे कादुसिदाद' ही लवकर नासणाऱ्या पदार्थांची अंतिम तारीख असते. बेदाण्याला पहिलीच लागू होते.

'नट'साठी शब्दकोश 'नुएस' देईल, पण व्यवहारात त्याचा अर्थ अक्रोड होतो. बोल्टचा नट म्हणजे 'तुएर्का'. बोलताना 'फ्रुतोस सेकोस' म्हणतात, परंतु युरोपीय संघाच्या २०११ च्या ११६९ क्रमांकाच्या खाद्यमाहिती नियमावलीत ॲलर्जीकारक घटकांच्या यादीत 'फ्रुतोस दे कास्कारा' हा शब्द आहे आणि तोच वापरावा. ही नियमावली युरोपीय संघाच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर इंग्रजी आणि स्पॅनिश अशी शेजारी-शेजारी उघडून वाचता येते. पाकिटावरील ठरीव वाक्यांसाठी कोणत्याही शब्दकोशापेक्षा मी तिच्यावर अधिक विसंबतो.

बीबाबत सांगायचे तर 'पेपिता' स्पेनमध्ये अगदी योग्य आहे. मेक्सिकोत मात्र 'पेपिता' म्हटले की भोपळ्याच्या खाण्याच्या बिया डोळ्यांसमोर येतात. पत्रक एकच छापायचे असेल तर 'सिन सेमियास' लिहावे, कारण ते दोन्हीकडे समजते. हळदीसाठी 'बल्ब' आणि 'फिंगर' या दोन्ही शब्दांच्या मागे न लागता 'रिसोमा' हा वनस्पतिशास्त्रीय शब्द घ्यावा, कारण हळकुंड आणि गड्डा हे दोन्ही भूमिगत खोडाचे, म्हणजे कंदाचे भाग आहेत. 'रिसोमास दे कुर्कुमा, एन्तेरोस ई सेकोस' म्हणजे अखंड, वाळलेले कंद. हळकुंड आणि गड्डा यांतला भेद दाखवायचाच असेल, तर शब्द शोधण्यापेक्षा शेजारी छायाचित्र द्यावे आणि लांबी सेंटिमीटरमध्ये लिहावी.

धागाकर्ती

आपले मनापासून आभार. 'फ्रुतोस दे कास्कारा' मला कधीच सापडला नसता. आणखी एक विचारते. आमच्या काही बेदाण्याला रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी दिलेली असते आणि इंग्रजी मजकुरात त्याला 'सल्फर ट्रीटेड' म्हटले आहे. शब्दकोशात 'ट्रीट'पुढे वागवणे, उपचार करणे, मेजवानी देणे असे सगळेच अर्थ आहेत.

प्रतिसाद २

मी निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करते. 'ट्रीटेड'साठी येथे 'त्रातादास' चालते. बेदाण्यासाठीचा 'पासास' हा शब्द स्त्रीलिंगी अनेकवचनी असल्यामुळे विशेषणही तसेच येईल. पण माहितीपत्रकातील या वाक्यापेक्षा पाकिटावरील घोषणा महत्त्वाची आहे. गंधक डायऑक्साइडचे प्रमाण किलोला १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असेल, तर युरोपीय संघात 'सुल्फितोस'चा, म्हणजे सल्फाइट्सचा, उल्लेख करणे बंधनकारक आहे आणि घटकांच्या यादीत तो शब्द ठळक दिसेल असा छापावा लागतो. धुरी दिलेला आणि न दिलेला असा दोन्ही प्रकारचा माल तुम्ही पाठवणार असाल, तर हा उल्लेख सामाईक पत्रकात न करता प्रयोगशाळेचा अहवाल पाहून त्या-त्या पाकिटावर करावा.