संकेतस्थळ आहे, पण शोधात सापडत नाही : मालकाने काय समजून घ्यावे?

हळदपेठ, सांगली
सांगलीच्या मार्केट यार्डात आमचा हळदीचा व्यापार आहे. पावडर थेट ग्राहकांना विकता यावी म्हणून गेल्या वर्षी संकेतस्थळ करून घेतले. दुकानाचे पूर्ण नाव टाकल्यास ते गूगलवर दिसते, परंतु ‘राजापुरी हळद सांगली’ असे शोधल्यास आमचा मागमूसही लागत नाही. आता एक एजन्सी दरमहा रक्कम घेऊन पहिल्या क्रमांकाची हमी देत आहे. शोधयंत्र कसे चालते हे आम्हा व्यापाऱ्यांना कळायला हवे, की ते जाणकारांवर सोपवून आपण माल बघावा?

मिरजकर
काम जरूर सोपवावे, पण समजून घेऊन. शोधयंत्राचा बॉट, म्हणजे आपोआप पाने वाचत फिरणारा प्रोग्रॅम, एका दुव्यावरून दुसऱ्यावर जात पाने गोळा करतो, त्यांतील मजकूर वाचून अनुक्रमणिकेत नोंदवतो, आणि कोणी शोध घेतला की त्या नोंदींचा क्रम लावला जातो. म्हणजे ग्राहक शोधतो त्या क्षणी गूगल आपल्या पानावर येत नाही, आधीची नोंद चाळते. नोंदच नसेल तर क्रमांकाचा प्रश्न उद्भवत नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवले आहे. एजन्सीच्या कोटेशनमध्ये ‘मेटा कीवर्ड्स’ (शोधशब्दांची यादी देणारा, वाचकाला न दिसणारा टॅग) ही बाब असल्यास तीवरही फुली मारावी, कारण क्रम लावताना तो टॅग पाहत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

कृष्णाकाठ
आपल्या उत्पादनाच्या पानावरील दोन ओळी कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करून पाहा. छापील पत्रकाचा मजकूर जुन्या, युनिकोड (अक्षरांची सर्वत्र चालणारी प्रमाण संकेतपद्धती) नसलेल्या फॉन्टमध्ये तसाच उचलला असेल, तर डोळ्यांना ‘हळद’ दिसते, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी असते, आणि बॉट वाचतो ती खिचडी. मराठी संकेतस्थळांचा हा जुना रोग आहे. दरपत्रकाचा नुसता फोटो लावला असल्यास तेही टाईप करून घ्यावे.
मजकुराबद्दलही एक सांगतो. ‘उत्कृष्ट दर्जा, वाजवी भाव’ हे सगळेच लिहितात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपला माल त्यात बसत असेल तर तसे लिहावे, तसेच वाण कोणता, हळकुंड की पावडर, पॅकिंग किती वजनाचे, हेही. ग्राहक हेच शब्द टाकून शोधतो.

हळदपेठ, सांगली
पेस्ट करून पाहिले. एकही अक्षर मराठी नाही! डिझायनरला कळवले आहे. पण पाने पुन्हा वाचली गेली, हे आम्हाला कसे समजणार?

मिरजकर
सर्च कन्सोल या संकेतस्थळाच्या मालकांसाठीच्या गूगलच्या साधनात पानाचा पत्ता टाकल्यास ते अनुक्रमणिकेत आहे का आणि बॉट शेवटचा कधी येऊन गेला हे दिसते. तिथूनच पुन्हा वाचण्याची विनंती करता येते. काम चालू असताना घातलेला ‘नोइंडेक्स’ (पान नोंदवू नका असे सांगणारा) टॅग किंवा बॉटने काय वाचू नये हे सांगणाऱ्या रोबोट्स फाईलमधील बंदी तशीच राहिली नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे.

हळदपेठ, सांगली
सर्च कन्सोलचे खाते डिझायनरच्या ईमेलवर आहे.

कृष्णाकाठ
आपण स्वतःच्या ईमेलवरून वेगळे खाते उघडू शकता. डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाच्या, डीएनएसमध्ये (त्या नावाच्या तांत्रिक नोंदींमध्ये) गूगलने दिलेली टीएक्सटी नोंद, म्हणजे मजकुराची एक ओळ, टाकली की मालकी सिद्ध होते. मात्र डोमेन तरी आपल्या नावावर आहे ना, हे आजच पाहून घ्यावे.