'द अमेरिकन्स'मधली कोरी पानं

छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँकच्या 'द अमेरिकन्स' या फोटोंच्या पुस्तकातले फोटो सुटे पाहिले तर साधेच वाटतात, असं कुणी म्हणालं तर ते मला अर्धं मान्य. पण ते सुटे पाहायचेच कशाला? हजारो फोटोंतून त्याने फक्त ८३ निवडले आणि सगळी कमाल त्यांच्या क्रमात आहे.

न्यू ऑर्लिन्सच्या ट्रामचा फोटो घ्या. खिडक्यांच्या चौकटी ओळीने, पुढे गोरे, मधे दोन मुलं, मागे कृष्णवर्णीय. मागच्या खिडकीतला तो माणूस थेट आपल्याकडे बघतो. तिथे मी दर वेळी अडकतो.

आणखी एक गंमत. १९५८च्या पॅरिस आवृत्तीत फोटोंसमोर अमेरिकेविषयीचे उतारे छापले होते. १९५९च्या अमेरिकन आवृत्तीत ते काढले. समोरचं पान जवळजवळ कोरं, फक्त फोटोच्या नावाची छोटीशी ओळ. सुरुवातीला लेखक जॅक केरुआकची प्रस्तावना आहे (मला ती जरा जास्तच उसळती वाटते), पण पुढे फोटो एकटेच बोलतात.

छायाचित्रकार वॉकर इव्हान्सचं १९३८चं 'अमेरिकन फोटोग्राफ्स' हे पुस्तक याआधी बघाच. फ्रँकची नजर कुठून आली ते लगेच कळतं.