डिस्काउंट ब्रोकर निवडताना ॲपचे स्टार बघायचे की तक्रारी?

(सोलापुरातल्या तिघांची चर्चा, नावांऐवजी त्यांचे भाग दिले आहेत. डिस्काउंट ब्रोकर म्हणजे कमी ब्रोकरेजमध्ये, म्हणजे दलालीत, ॲपवरून शेअर घेऊ-विकू देणारा दलाल.)

पार्क चौक
ॲपचे स्टार म्हणजे पहिल्या आठवड्याचं मत. खातं झटपट उघडलं, दिले पाच स्टार. ब्रोकर खरा कळतो तो शेअर विकताना, पैसे काढताना आणि खातं बंद करताना. एनएसई म्हणजे नॅशनल स्टॉक एक्स्चेंज, त्याच्या वेबसाइटवर ब्रोकरनिहाय तक्रारी आणि सक्रिय ग्राहकांचे आकडे असतात. त्यावरून लाख ग्राहकांमागे तक्रारी किती, ते काढा. नुसती संख्या बघू नका, मोठ्या ब्रोकरची ती मोठीच दिसणार.

होटगी रोड
साहेब, हे प्रमाणही फसवं आहे. सक्रिय म्हणजे वर्षात एकदा तरी सौदा केलेला. आयपीओत मिळालेला शेअरचा एक लॉट (गठ्ठा) विकून गप्प बसलेलेही त्यात आले. ते कशाला तक्रार करतील? अशी खाती ज्याच्याकडे जास्त, त्याचं प्रमाण आपोआप कमी. शिवाय बऱ्याच तक्रारी ब्रोकरच्या तिकिटातच, म्हणजे त्याच्याकडच्या तक्रार नोंदीतच, विरतात, एक्स्चेंजपर्यंत पोचत नाहीत.

साखर पेठ
खातेदार वारल्यावर काय, हे कुणी मोजतंय का? नॉमिनीचं स्वतःचं डीमॅट (शेअर ठेवायचं खातं) लागतं, मृत्यू दाखल्याची साक्षांकित प्रत, ट्रान्समिशन फॉर्म (शेअर नॉमिनीकडे वळवायचा अर्ज), नॉमिनीच्या खात्याची क्लायंट मास्टर लिस्ट (खात्याच्या तपशिलाचा कागद). एका कागदावर ‘सिद्रामप्पा’ आणि दुसऱ्यावर ‘सिद्राम’ असलं की अर्ज अडकला. तिकीट नंबर घेऊन बसलेल्या काकूंना अशा वेळी नवी पेठेतला सब-ब्रोकरच, म्हणजे मोठ्या ब्रोकरचा इथला माणूस (आता त्याला ‘ऑथराइज्ड पर्सन’ म्हणतात), उपयोगी पडतो की हो!

पार्क चौक
मान्य, पण त्याची किंमत बघा. १०,००० रुपयांचे शेअर घेतले आणि तेवढ्यालाच विकले. सब-ब्रोकरकडे अर्धा टक्का दराने दोन्ही बाजूंचं ब्रोकरेज १०० रुपये, वर जीएसटी १८. तेच डिस्काउंट ब्रोकरकडे ०.१ टक्का दराने २० रुपये आणि जीएसटी ३.६०. एसटीटीचे (सौद्यावरच्या सरकारी कराचे) २० रुपये दोन्हीकडे सारखेच. आणि सब-ब्रोकरला ब्रोकरेजमध्ये वाटा असतो, ‘हा विका, तो घ्या’ असे फोन त्यामुळेच येतात.

होटगी रोड
झिरो ब्रोकरेजवाल्यांकडेही विकताना डीपी चार्ज, म्हणजे डीमॅटमधून शेअर काढायचं शुल्क, लागतोच. बहुतेकांकडे १५ ते २५ रुपयांच्या घरात, कंपनीमागे, दिवसामागे. शेअर एक असो की हजार. एकाच कंपनीचे शेअर तीन दिवस थोडे थोडे विकले की तीनदा कापला जातो. हजाराच्या विक्रीत दीड ते अडीच टक्के तिथेच गेले. विकायचेच तर एका दिवशी विका.

साखर पेठ
आणि सकाळी सव्वानऊला ॲप बंद पडलं तर?

पार्क चौक
दुसऱ्या ब्रोकरकडे एक खातं ठेवायचं.

होटगी रोड
सरसकट असं सांगू नका. १ सप्टेंबर २०२४ पासून बेसिक डीमॅटमध्ये (छोट्या गुंतवणूकदारांसाठीच्या खात्यात) ४ लाखांपर्यंतच्या होल्डिंगला वार्षिक शुल्क नाही, पण तुमच्या नावावर एकच डीमॅट असेल तर. दुसरं उघडलं की सवलत गेली. महिन्याला दोन-चार शेअर घेणाऱ्याने कॉल अँड ट्रेडचा, म्हणजे फोनवरून सौदा करायचा, नंबर फोनमध्ये ठेवावा. ॲप अडलं तर वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून त्याच दिवशी लेखी तिकीट टाकावं. उत्तर पटलं नाही तर स्कोअर्सवर, म्हणजे सेबी या बाजार नियंत्रकाच्या तक्रार पोर्टलवर, जावं, तिथे ब्रोकरला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यानंतर स्मार्ट ओडीआर, म्हणजे ऑनलाइन तंटा सोडवायचं पोर्टल, आहेच. स्क्रीनशॉट नसला तर मात्र तक्रार लंगडी पडते.

पार्क चौक
डिलिव्हरीवाल्यांपुरतं, म्हणजे शेअर घेऊन डीमॅटमध्ये ठेवणाऱ्यांपुरतं, पटलं. ऑप्शनचे (मुदतीच्या करारांचे) सौदे करणाऱ्याला मात्र दुसरं खातं लागतंच. पहिल्या ब्रोकरकडे पोझिशन (चालू सौदा) अडकली की दुसरीकडे उलट सौदा टाकून नुकसान थांबवता येतं. त्यासाठी तिथे मार्जिन, म्हणजे सौद्यासाठीची अनामत, आधीच भरून ठेवलेलं हवं, ऐनवेळी पाठवलेले पैसे वेळेत पोचतील याची खात्री नाही.